उभ्या गाडीचं पेट्रोल

बाबांची जुनी गाडी लिटरमागे पंधरा किलोमीटर पळायची, ती दहावर आली. मी वेगळी राहायला लागल्यावर आमच्यात बोलण्यासारखा एवढाच विषय उरला होता, म्हणून मी तो मनावर घेतला. दर रविवारी घरी जाऊन एकेक शक्यता तपासली. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, टायरमधली हवा मोजली, ब्रेक धरून राहतात का ते प्रत्येक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहिलं. आकडा काही हलेना.

"बाबा, गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवता का?"

"संध्याकाळी ठेवतो थोडा वेळ."

"थोडा म्हणजे किती?"

"असेल अर्धा तास."

"अहो, मग सापडलं की! कशाला उगाच पेट्रोल जाळता? बंद करत जा."

"बरं बाई, शास्त्रज्ञ म्हणतील तसं."

पुढच्या महिन्यात ॲव्हरेज पुन्हा पंधरावर आलं. मी खूश होऊन तो आकडा वहीत दोनदा अधोरेखित केला.

परवा माझ्या बिल्डिंगच्या वॉचमनने विचारलं, "ताई, बाबा बरे आहेत ना तुमचे? रोज संध्याकाळी समोर गाडी लावून बसायचे. महिना झाला, दिसले नाहीत."

"मग वर का नाही आले?"

"मी म्हटलं होतं की. तर म्हणाले, ती बोलावेल तेव्हा जाईन. निदान इंजिन तरी बंद करा म्हटलं, तर हसले. म्हणाले, बंद केलं की वर जावंसं वाटतं."