खुळखुळा

"अंडी संपलीत दादा," आरती म्हणाली, आणि नेमकी तेव्हाच परसातली कोंबडी अंडं घालून ओरडत सुटली.

आदेश खो खो हसला. "घ्या! कोंबडीनंच खोटं पाडलं तुला." तो स्वतः उठून मागे गेला, भुशाच्या पाटीत हात घालून गरम अंडं घेऊन आला आणि ओट्यावर तिच्यापुढे ठेवलं. "नुसतं पांढरं घ्यायचं. फेस येतो त्याचा. तिकडं घरोघरी करतात."

तिकडं म्हणजे मेक्सिकोत. गाड्यांच्या कारखान्यानं धाडलेला तिचा थोरला दीर तीन वर्षांनी अवसरीच्या घरी आला होता. स्वेटरमध्ये गुंडाळून, तान्ह्या पोरासारखी जपत आणलेली बाटली त्यानं टेबलावर उभी केली होती. बूच उघडल्यापासून घरभर ओल्या लाकडाच्या धुराचा वास होता.

"कशाची म्हनायची ही?" सासूबाईंनी, साळुबाईंनी, पदर नाकाला लावत विचारलं.

"आपल्या बांधावर घायपात न्हाई का, तिच्याच जातीची. गड्डा खड्ड्यात निखाऱ्यावर भाजतात, म्हणून धूर लागतो."

"अगं बया! दोर वळायच्या घायपातीची दारू? उद्या म्हशीचं दावं पिळून प्याल."

सगळे हसले. आरतीचा नवरा सुदर्शनही हसला. पण त्यानं बाटलीकडे पाहिलं नाही. मांडीवर बसलेल्या श्रेयाच्या पायातले वाळे तो उगाच सारखे करत राहिला.

श्रेयाचं जावळ काढलं त्या दिवशी, भैरवनाथाच्या देवळात, लेकीच्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवून त्यानं दारू सोडली होती. आता तिचे केस कानावर आले होते. आदेशला यातलं काही ठाऊक नव्हतं. परमुलखात लेकराच्या जिवाला घोर नको म्हणून साळुबाईंनी त्याला फोनवर कावीळ सांगितली होती.

"लिंबं पीळ आरती. अन् साखरेचा पाक कर, पातळसर. झकास आंबटगोड करू. काय रे सुदर्शन, कावीळ गेली ना आता पुरती?"

मटणाच्या पातेल्यावरचं झाकण तेवढं थडथडत होतं.

"मला नको दादा. पोट जरा..."

"पोट! आळेफाट्याच्या ढाब्यावर पहिली बिअर कुणी पाजली तुला? मी. तवा न्हाई म्हणला न्हाईस." मग त्याचा आवाज खाली आला. "अरे, तुझ्यासाठी आणलीय लेका. एकट्यानं प्यायची असती तर तिकडंच पीत बसलो असतो की."

भांडायला त्यानं जागाच ठेवली नाही.

आरतीनं सासूकडे पाहिलं. साळुबाई खाली मान घालून लसूण सोलू लागल्या. समोरचा लसूण कधीच सोलून झाला होता.

"दादा, यांना ना..." आरती बोलली.

सुदर्शननं मान वर केली. त्या नजरेत राग असता तर ती पुढे बोलली असती. पण जावळाच्या आधी, हात थरथरायचे त्या दिवसांत, तो असाच बघायचा तिच्याकडे. थोरल्यासमोर उघडा पाडू नकोस.

"यांना लिंबू जरा जास्त लागतं," ती म्हणाली आणि पिळायला घेतलं.

दारच्याच झाडाची लिंबं, रसानं टरारलेली. एकही कोरडं निघालं नाही. पाक ठेवला, तो पटकन झाला. लाईट जाईल, फ्रीजमधला बर्फ पाणी होईल, अशी एक आशा होती. रोज दुपारी न चुकता जाणारी लाईट त्या रविवारी गेली नाही.

हलवायला भांडं हवं होतं. आदेशनं फळीवरून श्रेयाचं दूध न्यायचा फिरकीचा डबा काढला. आरती "अहो, तो..." म्हणेपर्यंत त्यात ती धुरकट दारू पडलीसुद्धा. मग लिंबू, पाक, अंड्याचं पांढरं. झाकण लावून त्यानं एकदा खालीवर केलं, उघडून बर्फ टाकला, झाकण घट्ट पिळलं आणि डबा भावापुढे धरला.

"हलव. तुझे हात दणकट. बाहेरून दव धरलं की झालं."

सुदर्शननं श्रेयाला साळुबाईंच्या मांडीवर दिलं. डबा घेतला. हलवला.

आत बर्फ खणखणला. श्रेया दचकली, मग खदखदून हसली आणि तिनं टाळ्या पिटल्या. तो थांबला तसं तिनं ओठ काढले.

"आनी," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा हलवला.

"आनी!"

"खुळखुळा वाटला व्हय गं माझ्या चिमणीला?" साळुबाई म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. "धूर लई झालाय," कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाल्या. शेगडी गॅसची होती.

डब्यावर दव धरलं. थेंब सुदर्शनच्या कोपरावरून फरशीवर पडू लागले.

"बास रे. आण इकडं."

सुदर्शन हलवत राहिला.

"अरे बास राव! पाणी व्हईल त्याचं."

आरतीनं दोन पेले विसळून आणले होते. पुसूनही झाले होते. तिनं एक पुन्हा पदरानं पुसायला घेतला. मग दुसरा. मग परत पहिला.

आतला खणखणाट बारीक होत गेला. शेवटी एकच खडा उरला असावा. तो थोडा वेळ टिकटिकला, मग तोही विरघळला. आदेश हात पुढे करून उभा होता. श्रेया टाळीसाठी दोन्ही तळवे उघडे धरून आवाजाची वाट बघत होती, आणि तिचा बाप तिच्याकडे बघत, मुका डबा हलवत होता.