मातीचा पट्टा

"आण्णा, एवढं एकच पान कोरं राहिलंय," संयोगिता म्हणाली. "या एका 'होय'चं कारण सांगा, म्हणजे पुस्तिका उद्या छापायला जाईल."

आमदार भरतेश मगदूम यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "ऱ्हाऊ द्या कोरं."

संयोगिता साताऱ्याची. आण्णांनी विधानसभेत काय काय केलं ते मतदारांना समजेल अशा भाषेत लिहून द्यायचं, यासाठी ती सांगलीजवळच्या या गावात येऊन राहिली होती. पाणी, शाळा, दवाखाने यांची पानं भरभर झाली. अडलं ते रस्त्यांपाशी.

सरकार सभागृहात रस्त्या-पुलांसाठी निधी मागतं आणि आमदार 'होय' किंवा 'नाही' म्हणतात. आण्णा अपक्ष, त्यामुळे त्यांच्यावर कुठल्या पक्षाचा हुकूम चालत नसे. प्रत्येक वेळी ते उठून एकच अट घालत: डांबराच्या कडेला माणूस चालेल एवढा मऊ मातीचा पट्टा ठेवा आणि त्यावर सावलीला झाडं लावा. सभागृह हसायचं. मग आण्णा 'नाही' म्हणायचे. विदर्भातल्या रस्त्यांना नाही, खानदेशातल्या रस्त्यांना नाही. स्वतःच्या मतदारसंघातल्या पुलालासुद्धा नाही. तो पूल मग मागेच पडला.

'होय' ते एकदाच म्हणाले. त्या मागणीत वडूज-रहिमतपूर रस्ता होता, कडेच्या मातीसकट. तो शेजारच्या जिल्ह्यातला रस्ता. तिथं आण्णांचा एकही मतदार नव्हता.

या निवडणुकीत विरोधात उभे असलेले उदयसिंह तेवढंच धरून बसले होते. "आपला पूल घालवला आन् परक्या जिल्ह्यात माती पसरली!" ते सभेसभेत सांगत. "त्या पट्ट्यावर आण्णांचं कुणीतरी हाय, गड्यांनो! माती कुणी पुरवली, इचारा की!"

लोकांना ते पटायला लागलं होतं. उद्या संध्याकाळी शेवटची सभा. तिथं उत्तर दिलं नाही, तर आण्णा पडणार हे शाळेतल्या पोरांनाही कळत होतं.

संयोगितानं गावात विचारून पाहिलं. दुकानदार गोमटेश काउंटर पुसत राहिला. "ताई, च्या घेनार का?" एवढंच म्हणाला. दुसऱ्यानं उसाच्या तोडीचं काढलं. सगळं गाव मिळून काहीतरी झाकत होतं.

घरातही तसंच. रोज दिवेलागणीला फोन यायचा. आण्णांच्या पत्नी चंदनबाला हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर यायच्या.

"आज कुठवर?"

आण्णा एका गावाचं नाव सांगायचे. दर दिवशी नवं गाव. नवे पट्टे कुठवर मागायचे, याची पाहणी चालली असणार, असं संयोगितानं मनाशी धरलं होतं. तिला ते आवडलं नव्हतं.

आज फोन आला तेव्हा ती समोरच होती.

"वडूज," आण्णा म्हणाले.

चंदनबाला खांबाला टेकल्या. नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. दोन वेण्या घातलेल्या दोन मुली, एक हसणारी, एक गंभीर.

"तुमच्या मुली?" संयोगितानं विचारलं.

"व्हय. ही दीपाली, कुपवाडला दिलीया. आन् ही थोरली, ब्राह्मी. ती लांब असती."

संयोगितानं वही मिटली. "आण्णा, स्पष्ट विचारते. त्या रस्त्यावर तुमचं कुणी आहे का?"

"हाय."

तिला वाटलं, आण्णा चेष्टा करताहेत. ते करत नव्हते.

"उदयसिंह खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले. "पर ते सांगून मतं मागायची न्हाईत. माझं म्हनायचा हक्क मी माझ्या हातानं सोडलाय."

"मग पडाल तुम्ही."

"पडू की."

"आवं," चंदनबाला म्हणाल्या, "हे लेकरू आपल्या पुस्तिकेपायी किती राबलंय. पहाटं न्हेऊ या तिलाबी."

उजाडता उजाडता गाडी वडूजजवळ, रहिमतपूरच्या रस्त्यावर थांबली. डांबरी रस्ता काळाभोर, आणि त्याच्या कडेनं लांबवर गेलेला तांबूस मातीचा पट्टा. नानासो नावाचा तिथला एक शेतकरी हातातल्या खराट्यानं खडे बाजूला सारत होता.

"वरनं येणारा समदा संघ ह्याच वाटंनं सांगलीकडं उतरतो," तो म्हणाला. "ह्या मातीचं लय पुण्य लागंल बघा कुनाला तरी."

मग त्या दिसल्या. पांढऱ्या लुगड्यातल्या जैन साध्वी, एकामागून एक. हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. चप्पल नाही, वाहन नाही, जन्मभर पायीच. संयोगितानं हे वाचलं होतं, पण पाहिलं नव्हतं. शेकडो कोस चालून आलेल्या त्या बायकांच्या चालण्यात घाई नव्हती. पुढचं पाऊल टाकण्याआधी प्रत्येकीची नजर जमिनीवर जात होती, मुंगीसुद्धा दुखावू नये म्हणून. एक ट्रक आपणहून हळू झाला. मातीवर तळव्यांचा तेवढा मऊ आवाज येत होता. संयोगितानं चपला कधी काढल्या, तिचं तिलाही कळलं नाही.

आण्णा आणि चंदनबालांनी जमिनीला डोकं टेकवलं. "वंदामि, माताजी."

सगळ्यांत मागची साध्वी वयानं लहान होती. तिनं नानासोला पिंछी उंचावून आशीर्वाद दिला, संयोगितालाही दिला, आण्णांना आणि चंदनबालांनाही दिला. सगळ्यांना सारखाच. ती थांबली नाही.

संघ वळणाआड गेला. चंदनबाला पट्ट्यावर वाकल्या. मातीत उमटलेल्या शेवटच्या पावलावरून त्यांनी बोटं फिरवली, ती उजेडात धरली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आवं, बघा तरी. ब्राह्मीच्या पावलाला औंदा रगत न्हाई."