गाण्यातले बाबा

पहिला कार्यक्रम.
दादाने बाबांवर लिहिलेलं गाणं म्हटलं. त्यात बाबा खोकत खोकत कारखान्यात जात होते. तिसऱ्या कडव्यात दादाचा आवाज खरंच फुटला आणि कीबोर्डवर माझेही हात थांबले.

पंचविसावा.
खोकल्याच्या जागी दवाखाना आला. "लोकांपर्यंत पोचायला हवं गं," दादा म्हणाला. घरी बाबांचा खोकला केव्हाच बरा झाला होता. आवाज मात्र त्याच शब्दावर फुटला.

साठावा.
बाबांनी अंथरूण धरलं. म्हणजे गाण्यात. त्या दिवशी ते शिडीवर चढून खिडक्या रंगवत होते.

शंभरावा, म्हणजे आज.
आता तिसऱ्या कडव्यात दादा बाबांचे डोळे मिटतो. आवाज फुटायच्या आधी दिवेवाला बरोबर दोन सेकंद उजेड निळा करतो. मी वाजवत राहते.

आणि आजच बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कार्यक्रमाला आले. दादाने त्यांना पहिल्या रांगेतून उठवून मेकअपच्या खोलीत बसवलं. "कुणी ओळखलं तर गाणं पडेल, बाबा."

"बरं," बाबा म्हणाले.

कार्यक्रम संपल्यावर रडून डोळे लाल झालेली एक बाई आत आली. दादाचा हात हातात घेऊन तिने त्याचं सांत्वन केलं. मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या बाबांकडे गेलं.

"तुम्ही ओळखत होता का हो यांच्या वडिलांना?"



"हो तर," बाबा म्हणाले. "चांगले धडधाकट होते. मुलाचं गाणं चालायला लागलं आणि गेले."