खंडनाआधीचा निकाल

विद्वानाने विरोधकाची बाजूही प्रामाणिकपणे मांडावी, हा धर्म आहे. परंतु लिहिलेला प्रत्येक शब्द तत्काळ आज्ञा होऊ लागला, तर तोच धर्म घातक ठरतो.

न्यायाधीशांच्या जागी बसवलेले न्याययंत्र आता विद्वानांचे लेख वाचूनच निर्णय देई. विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्राध्यापिका आगाशे आपल्या लेखाचा उत्तरार्ध लिहीत होत्या. सातपुड्यातील वनवस्त्या का हटवाव्यात, हा पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकांची बाजू, त्यांनी आधीच प्रसिद्ध झालेल्या पूर्वार्धात पूर्ण सामर्थ्याने मांडला होता. त्याचे खंडन सोमवारी प्रसिद्ध व्हायचे होते.

त्यांचा विद्यार्थी दिलवर पावरा आत आला.

"मॅडम, निकाल लागला. आमचा पाडा रिकामा करायचाय. आधार तुमचा लेख."

"अरे, ते माझे मत नव्हेच!"

"यंत्राला काय ठाऊक? फारच छान पटवलंत तुम्ही. क्षणभर मलासुद्धा पटलं."

"खंडन आत्ताच पाठवते."

"पाठवा. ते पुढच्या खटल्याला लागू होईल. आमच्या पाड्यात गाड्या शिरल्यात. आईनं चूल विझवलीय."

 तरीही आगाशेबाई लिहू लागल्या. दिलवर समोर बसून राहिला.

वाटेला लागलेल्या त्या माणसांना सावली लाभो, पाणी लाभो. आणि उशिरा लिहिणाऱ्या त्या हाताला क्षमा लाभो.