देवाचं झाड

"बावीस इंची घ्या," म्हणत दुकानदाराने तिसरी चेनसॉ काउंटरवर ठेवली. "केवढंही झाड आडवं पडू दे."

रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर दुकानं हिंडून शिणला होता. त्याने पुन्हा पहिली, वजनाला हलकी चेनसॉच उचलली, दोरी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू झाली. "हीच गाडीत राहू दे."

"पण गावात करवती असतात की."

असतात. श्रावणात देवराईतलं झाड रस्त्यावर पडलं, तेव्हाही पाच जण करवती घेऊन उभे होते. पण गुरवांनी गाऱ्हाणं घालून देवाची परवानगी मागितल्याशिवाय देवाच्या झाडाला हात कोण लावणार? गुरव गेलेले पलीकडच्या वाडीत. तासाभराने आले, सावकाश गाऱ्हाणं घातलं, आणि मग झाडापाशी खोळंबलेल्या रुग्णवाहिकेत डोकावले. आत त्यांचीच लेक होती, सासरहून आणलेली, बाळंतपणात अडलेली. दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं.

ड्रायव्हरने मागे पाहिलं. त्याच्यासोबत आलेले ते गुरव स्टुलावरून उठले. पिशवीतला नारळ त्यांनी चेनसॉपुढे ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, वाटेत तुजा झाड आडवा पडला, तर कापूक आजच परवानगी दी. ह्यापुढे माझी वाट कोणी बघूक नको रे म्हाराजा."

ड्रायव्हरने हात जोडून गाऱ्हाण्याला साथ दिली, "व्हय म्हाराजा."