पेल्यातलं पाणी

चाको नावाच्या कोरड्या मुलखात रानातल्या जनावरांसाठी बांधलेल्या तळ्याचा मातीचा बांध बाबाच राखत. पायथ्याशी झिरपणारं पाणी रोज सकाळी काचेच्या पेल्यात धरून उन्हात बघायचे: नितळ असलं तर बांध शाबूत, गढूळ असलं तर आतून माती वाहून चाललीय. आज ते म्हणाले, "गढूळ आहे." मला नितळच वाटलं. "बाबा, मोतीबिंदू झाल्यापासून तुम्हाला मीसुद्धा गढूळच दिसते!" "मग पिऊन बघ, शहाणे." मी हसत घोट घेतला. दाताखाली माती कचकचली. बांधाखाली आमची सात घरं. बाजूने चर खणून तळं आजच रिकामं करायला हवं होतं. पाऊस तीन महिने लांब, आणि तोवर रानात दुसरं पाणी नाही. मी फावडं उचललं. तेवढ्यात पलीकडच्या काठावर पाणी डुचमळलं; आखूड सोंडेचं, डुकरासारखं एक जनावर प्यायला उतरलं होतं. "कोण आलंय?" बाबांनी विचारलं. "टॅपिर. पिल्लू आहे सोबत." बाबांनी माझा हात धरला. "थांब, निमिया. त्यांचं पिऊन होऊ दे."