सगळ्यात लहान स्टेज

संगीत महोत्सवाला घालायची जीन्स आखूड करून घ्यायला आलेल्या पोरीने शिंपीकाकांच्या कानात हौसेने इअरफोन कोंबला. “महोत्सवात येणारा हा बँड अजून कुणालाच माहीत नाही, काका. मीच शोधून काढलाय!”

गिटारच्या त्या धिंगाण्यातून गाणाऱ्याचा आवाज वर आला आणि काकांचा मशीनवरचा पाय जागीच थांबला. ‘आजपासून तू आम्हाला मेलास’ म्हणत ज्याला त्यांनी घराबाहेर काढलं होतं, तो त्यांचा मुलगा गात होता.

पोरीला ते एवढंच म्हणाले, “मलाही ने की तिकडे.”

महोत्सवातल्या सगळ्यात लहान स्टेजसमोर, कडक इस्त्रीचा शर्ट घालून काका अगदी पुढे उभे राहिले. मुलगा माइकपाशी आला. डोळ्यांवर येणाऱ्या झोतात त्याला समोरचं कुणी दिसत नसावं.

“हे गाणं माझ्या बाबांसाठी,” तो म्हणाला. “ते आता या जगात नाहीत.”

गाणं संपलं तरी काकांचे डोळे वाहायचे थांबेनात. पोरगी गोंधळली. “काका, तुम्ही ओळखत होतात का त्याच्या वडिलांना?”

 

“हो गं. पोराची माफी मागायचं राहून गेलं बिचाऱ्याचं.”